घेणाऱ्यांची कॉलनी

बार रूममध्ये दुपारचा चहा आला की ज्युनिअर पोरी माझ्याभोवती बसतात आणि म्हणतात, "वकीलअक्का, कोर्टातला एखादा किस्सा सांगा की!"

कोर्टातला कसला डोंबलाचा किस्सा! कोर्टात माणूस शपथ घेऊन खोटं बोलतो आणि समोरच्याला ते आधीच माहीत असतं. त्यात काय मजा? खरे किस्से घरी साठतात. मुद्दाम साठवावे लागत नाहीत. रिकाम्या डब्यांसारखे माळ्यावर जमत जातात, आणि एक काढायला जावं तर सगळे खडखडत अंगावर येतात.

माझ्या माळ्यावरचे बरेचसे डबे एकाच प्रकरणाचे आहेत. हुबळी-धारवाडच्या मध्ये आमचं नवनगर. तिथं घराघरांत कॉम्प्युटर नवे नवे आले होते तेव्हाची गोष्ट. इंटरनेट टेलिफोनच्या वायरीतून यायचं, म्हणजे बहुतेक वेळा यायचंच नाही. तेव्हा आमच्या समोरच्या गिरीशनं गल्लीतले सगळे कॉम्प्युटर एका निळ्या वायरीनं एकमेकांना जोडले. गच्चीवरनं गच्चीवर, पेरूच्या झाडातनं, नळाच्या पाइपाला बांधून. मध्ये दुकानदार नाही की मालक नाही. याच्याकडचं गाणं त्यानं घ्यायचं, त्याच्याकडचे फोटो यानं घ्यायचे. ज्याच्याकडं वस्तू आहे त्यानं फक्त कॉम्प्युटर चालू ठेवायचा आणि "घ्या" म्हणायचं.

प्रोग्रॅम गिरीशनं स्वतः लिहिलेला. नाव ‘हंचिको’. कन्नडमध्ये ‘वाटून घे’. आमच्या गल्लीनं त्यातलं वाटणं सोडलं आणि घेणं तेवढं घेतलं!

*

गिरीश हे सगळं हौस म्हणून करत नव्हता हो. तो मालूअक्कांचा मुलगा. इंजिनिअरिंग कॉलेजात लेक्चरर, पण टेंपररी. पर्मनंट व्हायचं तर एम.टेक. पाहिजे. मुदत एकदा वाढवून झालेली, आणि गाइडनं स्वच्छ सांगितलेलं, "येत्या जूनला थीसिस टेबलावर नसेल तर एम.टेक. विसर आणि ही नोकरी पण विसर." मालूअक्कांच्या घरात दुसरी कमाई नव्हती.

थीसिसचा विषय काय, म्हणून मी एकदा विचारलं.

"अक्का, नेटवर्कमध्ये सगळे स्वार्थी असतात. घेतात, देत नाहीत. त्यांनी आपणहून एकमेकांना द्यावं म्हणून काय करायचं, हा विषय."

मी म्हटलं, "अरे, यासाठी एम.टेक. कशाला? माझ्या ऑफिसात येऊन बस. भावाभावांचे वाटणीचे दावे बघ."

"तुमच्याकडं न्यायाधीश असतो अक्का. पोलीस असतात. माझ्या नेटवर्कमध्ये कुणीच नाही. कुणी न सांगता, न दटावता लोकांनी दिलं पाहिजे."

"नवनगरात?"

"नवनगरात."

मी चहा टाकायला उठले. पोराची फार दया आली मला.

गिरीशच्या स्क्रीनवर एक रेघ होती. गिरीश सोडून बाकीच्यांनी किती दिलं, त्याची रेघ. ती वर गेली पाहिजे, असं गाइडचं म्हणणं. पहिले काही महिने ती तळाला जी आडवी पडली, ती हललीच नाही. सगळी गल्ली एकट्या गिरीशकडनं घेत होती, आणि स्वतःच्या ‘देण्याच्या’ फोल्डरमध्ये कुणी काही ठेवलेलं नव्हतं. मी ठेवलं होतं बरं का! मुद्रांक कायदा, कलमांसकट. दिल्याचं पुण्य मिळतं आणि कुणी घ्यायला येत नाही!

*

मग गिरीशनं नियम काढला. प्रत्येकानं ठराविक माल देण्याच्या फोल्डरमध्ये ठेवायचाच. नाही तर हंचिको उघडणारच नाही.

दोन दिवसांत गल्लीतले सगळे दानशूर झाले. विशेषतः शेजारचे जोशी मास्तर. हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांच्या फोल्डरमध्ये एवढा माल, की बघून माझे डोळे फिरले. दहावीचं व्याकरण, गुडघेदुखीवर व्यायाम, कडबू कसे करावेत, व्हायरस घालवायचा प्रोग्रॅम, काय म्हणाल ते!

मी कडबू घेतले. उघडलं तर गणपतीची आरती वाजायला लागली.

म्हटलं चूक झाली असेल. गुडघेदुखी घेतली. आरती! व्याकरण घेतलं. आरती! व्हायरसचा प्रोग्रॅम उघडला, तर तिथं पण तीच आरती, त्याच झांजा. मास्तरांकडं एकच फाइल होती. तिच्याच कॉपी काढून नावं बदलून त्यांनी फोल्डर गच्च भरलं होतं.

मी कुंपणापाशी जाऊन त्यांना धरलं. "मास्तर, हे काय चालवलंय?"

मास्तर शांतपणे फुलं तोडत होते. म्हणाले, "वकीलअक्का, सकाळपासून किती वेळा देवाचं नाव ऐकलंत?"

"पुष्कळ वेळा!"

"एरवी ऐकलं असतंत?"

*

नियमानं काम होत नाही म्हटल्यावर गिरीशनं आमिष दाखवलं. पॉइंट! जो दुसऱ्याला देईल त्याला पॉइंट मिळणार, आणि ज्याचे पॉइंट जास्त त्याला हवं ते भराभर मिळणार.

आणि काय आश्चर्य! रेघ उठली. तळाला पडलेली रेघ सरळ वर निघाली. गिरीश धावत आमच्या घरी आला आणि आमच्या यजमानांच्या पाया पडला. कारण पॉइंटांच्या यादीत पहिले आमचे यजमान आणि दुसरे जोशी मास्तर!

मला तिथंच शंका यायला पाहिजे होती. लग्नापासून ह्या माणसानं कुणाला छत्री दिलेली मी बघितलेली नाही.

गिरीश गाइडना घेऊन आला. गाइड खुर्चीत बसले, रेघ बघितली, चष्मा पुसून परत बघितली. खूष! मग म्हणाले, "हे दोघं एकमेकांना एवढं काय देतात ते तरी बघू."

बघितलं. एकच फाइल. आमच्या लग्नाच्या व्हिडिओची! यजमानांनी ती मास्तरांना द्यायची, मास्तरांनी पुसून टाकायची, परत घ्यायची. मग यांनी पुसायची आणि मास्तरांनी परत द्यायची. यजमान इरिगेशन ऑफिसात, मास्तर शाळेत, आणि इकडं लावून ठेवलेले दोन्ही कॉम्प्युटर दिवसभर आपोआप माझं लग्न इकडनं तिकडं फेकतायत!

गाइड फार सभ्य गृहस्थ. स्क्रीनकडं बघत त्यांनी हळूच विचारलं, "गिरीश, ही कोण बाई? सारखी लग्न करायलीय?"

मी दारातच उभी होते.

तो सगळा आकडा थीसिसमधनं बाद झाला. रेघ परत खाली. यजमानांना मी त्या आठवड्यात काय काय ऐकवलं ते सांगत नाही, पण एक विचारलं. "इतक्या वेळा पाठवलीत, एकदा तरी उघडून बघितलीत का?"

म्हणाले, "बघण्यासारखं काय आहे, मी होतोच की तिथं!"

*

मग आले स्टार. ज्याच्याकडनं फाइल घेतली त्याला आपण स्टार द्यायचे. नीट आली तर पाच, अर्धवट आली, फसवी निघाली तर एक. म्हणजे आपोआप चांगल्याला मान आणि लबाडाला लाज. कागदावर किती छान वाटतं बघा!

एके सकाळी मास्तरांची बायको सुमनवहिनी माझ्या ऑफिसात आली. पदर खोचलेला. "वकीलअक्का, नोटीस काढायची आहे. अब्रुनुकसानीची."

"कुणाविरुद्ध?"

"मालूअक्कांविरुद्ध! मला एक स्टार दिलाय त्यांनी. सगळ्या गल्लीसमोर!"

मी दोघींना समोरासमोर बसवलं. गिरीशला पण बोलावलं. गिरीशनं आईला विचारलं, "आई, तू वहिनींकडनं काय घेतलंस?"

"बिसी बेळी भाताची कृती."

"फाइल पूर्ण आली ना?"

"आली की."

"उघडली?"

"उघडली. वाचून भात पण केला."

"मग एक स्टार का?"

"मीठ जास्त झालं!"

गिरीशनं कपाळावर हात मारून घेतला. "आई, स्टार फाइल देण्याला द्यायचा असतो. भाताला नाही!"

मालूअक्का शांतपणे म्हणाल्या, "मग मिठाचं कुठं सांगायचं ते पण ठेव की त्याच्यात."

पुढं पुढं तर स्टार बघून गल्लीत कुणाचं कुणाशी बिनसलंय ते कळायला लागलं. फायलींचं काही कळत नव्हतं.

*

आता इनामदार अण्णा. इतका वेळ मी त्यांना मुद्दामच मागं ठेवलं होतं.

अण्णा म्हणजे गल्लीच्या मधल्या घरातले रिटायर्ड स्टोअरकीपर. सगळी नोकरी एका सरकारी गोदामात काढलेली. माल आत आला की अण्णांचा चेहरा फुलायचा, आणि माल बाहेर जायला निघाला की पोटात दुखायचं. "आत यायला काही लागत नाही," ते अभिमानानं सांगायचे. "बाहेर जायला इंडेंट लागतं!" इंडेंट म्हणजे वरच्या साहेबाच्या सहीचा मागणीचा कागद. तो आणला तरी त्यात अण्णा चूक काढायचे. एक फावडं दिलं की गोदामात एक फावडं कमी झालं, हे दुःख त्यांनी नोकरीभर रोज सोसलेलं. रिटायर झाले तरी सवय सुटेना. घरात दोऱ्या, खोकी, बिनदांड्याच्या छत्र्या, सगळं जागच्या जागी.

असा माणूस हंचिकोवर आला. घेतलं, घेतलं, सगळ्यांकडनं घेतलं! आणि काम झालं की कॉम्प्युटरची निळी वायर उपसून ठेवायची. गोदामाला कुलूप लावावं तशी.

मी म्हटलं, "अण्णा, वायर राहू द्या की. कुणी तुमच्याकडनं घेतलं तर तुमचं काय जातं?"

"झिजतं!" अण्णा म्हणाले.

"काय झिजतं?"

मग त्यांनी सांगितलं. फार पूर्वी एका पाहुण्याला त्यांनी भजनाची कॅसेट कॉपी करायला दिली होती. परत आली तेव्हा त्यातले बुवा पडसं झाल्यासारखे गायला लागले होते. "एकदा कॉपी केली तर आवाज बसला! सगळ्या गल्लीनं कॉपी केल्यावर काय उरणार?"

गिरीशनं समजावलं, मास्तरांनी समजावलं. अण्णा म्हणाले, "आयतु, आयतु, ठीक आहे. तुम्ही सांगणारच. माल माझा आहे."

गिरीशच्या योजनेत नव्या मेंबरला सुरुवातीला थोडे पॉइंट फुकट मिळायचे. बिचारा नवा आहे, द्यायला त्याच्याकडं काय असणार, म्हणून. अण्णांचे पॉइंट संपले. दुसऱ्या दिवशी हंचिकोवर नवा मेंबर, ‘राघवेंद्र इनामदार’. त्याचे संपले, मग ‘भीमराव इनामदार’. मग ‘गोदावरी’. सगळी मंडळी घ्यायची आणि अंतर्धान पावायची!

गिरीश अण्णांच्या दारात गेला. "अण्णा, भीमराव म्हणजे तुमचे वडीलच ना?"

"हौदु, वडीलच."

"ते तर मी लहान असतानाच वारले!"

"वारले की," अण्णा म्हणाले. "पण त्यांचे पॉइंट कुणी वापरलेच नव्हते!"

*

शेवटी गिरीश चिडला. चिडायलाच पाहिजे होता, मार्च उजाडला होता. त्यानं जुनी सरळ रीत लावली. जो देणार नाही त्याला मिळणार नाही. अण्णा, त्यांचे वडील, आजोबा राघवेंद्र, गोदावरी, सगळ्यांना एकदम बंद!

अण्णा उठले. गच्चीवर गेले आणि तिथनं जाणारी निळी वायर जोडातनं सोडवून, नीट गुंडाळून, खुंटीला अडकवून ठेवली. अर्धी गल्ली आंधळी झाली.

सगळे माझ्या व्हरांड्यात. मी वकिलाच्या आवाजात सुरुवात केली. "अण्णा, ही वायर दोन वर्षं तुमच्या गच्चीवरनं जातेय. याला वहिवाटीचा हक्क म्हणतात. असा अडवता येत नाही."

अण्णांनी शांतपणे विचारलं, "त्याला वीस वर्षं लागतात ना, वकीलअक्का?"

लागतात! त्यांना कुठनं माहीत, देव जाणे. मी पाणी प्यायले आणि तडजोड सुचवली. अण्णांनी वायर जोडायची, आणि त्यांना हवं ते मिळत राहील. म्हणजे गल्लीत जो सगळ्यात कमी द्यायचा त्यालाच फुकट घ्यायचा परवाना! गिरीश माझ्याकडं असा बघत होता, की माझ्याच्यानं बघवेना.

त्या दिवसापासून अण्णांनी हात सैल सोडला. दिसेल ते घ्यायचे. कॉम्प्युटरवर त्यांचं एक फोल्डर होतं, नाव ‘लागेल’. त्यात मास्तरांची आरती प्रत्येक नावाखाली. त्यात सुमनवहिनींचा खारट भात. त्यात माझं लग्न. माझा मुद्रांक कायदासुद्धा त्या एकाच माणसानं घेतला!

"अण्णा, याचं करणार काय?"

"लागेल," अण्णा म्हणाले.

*

एप्रिलच्या शेवटी दुपारी वळवाचं आभाळ आलं. दोन गडगडाट झाले, दिवे एकदम लखलखले, आणि गिरीशच्या खोलीतून जळका वास आला.

हुबळीला कमरीपेठेत एक माणूस कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्यानं उघडून बघितलं आणि म्हणाला, "डिस्क गेली री." थीसिस त्या डिस्कमध्ये. सगळे आकडे, सगळ्या फसलेल्या योजना, दोन वर्षं.

सीडीवर कॉपी काढून ठेवली होती गिरीशनं. तो मूर्ख नव्हता. घरी येऊन सीडी शोधायला लागला, तर मालूअक्का म्हणाल्या, "त्या चकचकीत ताटल्या होय? पेरूला बांधल्यात. पोपट येईनात बघ आता!" झाडावर सीड्या छान फिरत होत्या. पावसानं आणि उन्हानं वरचा पापुद्रा सुटून आलेला.

थीसिस त्यांच्यातच होता हे ऐकल्यावर मात्र मालूअक्का मटकन पायरीवर बसल्या. "माझ्या हातानं केलं रे," म्हणून रडायला लागल्या. गिरीश ओरडला असता तर बरं झालं असतं. तो आईच्या शेजारी नुसता बसून राहिला. मला भडभडून आलं. वकिलीत मी पुष्कळ माणसं हरताना बघितली आहेत, पण ती भांडून हरतात.

जोशी मास्तर हळू आवाजात म्हणाले, "गिरीश, तू स्वतःची अख्खी डिस्क हंचिकोवर उघडी ठेवली होतीस ना? आम्हाला उदाहरण म्हणून?"

"हो. पण थीसिस कोण घेणार मास्तर?"

"मी बघितला होता. पण इंग्रजीत होता, सोडून दिला."

आणि एकेक करून सगळ्यांची मान गल्लीच्या मधल्या घराकडं वळली.

*

"आहे," अण्णा म्हणाले. "लागेलमध्ये आहे."

मालूअक्कांनी हात जोडले. गिरीश पुढं झाला, तर अण्णा कॉम्प्युटरच्या आणि त्याच्या मध्ये उभे राहिले.

"देणार नाही."

"अण्णा!" आम्ही सगळे एकदम.

"ओरडू नका. जगात आता एकच उरलाय ना? हा एकच. तू कॉपी करणार, आणि हा झिजला म्हणजे? अर्धी अक्षरं गेली म्हणजे? मग कुणाकडं मागायला जाणार? शेवटचा नग स्टोअरकीपर सोडत नसतो रे बाळा. तुझ्यासाठीच सोडत नाही!"

आणि खरं सांगते, त्यांचे डोळे भरले होते. हा माणूस अडवणूक करत नव्हता. तो पोराचा थीसिस सांभाळत होता!

मी भांडायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. म्हटलं, "अण्णा, मास्तरांची आरती आहे ना तुमच्याकडं?"

"भरपूर आहे."

"मग एखादी झिजली तर चालेल?"

अण्णांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तर म्हणाले, "खुशाल!"

गिरीशनं आरती कॉपी करून घेतली. अण्णांनी स्वतःकडची लावली आणि स्पीकरला कान लावून बसले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. "परत घे," म्हणाले. परत घेतली. परत कान लावला. "परत घे." असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. आम्ही सगळे हात जोडून उभे, कारण आरती चालू असताना बसायचं कसं?

"आवाज बसला नाही," अण्णा पुटपुटले. मग म्हणाले, "चित्र झिजत असेल. वकीलअक्कांचं लग्न घे."

माझं लग्न घेतलं. मी परत एकदा माळ घातली. अण्णांनी स्क्रीनला नाक लावून बघितलं. "साडीचा रंग तोच," म्हणाले.

मग ते खुर्चीत बोटांवर काहीतरी मोजत बसले. नोकरीभर दिलेली एकेक वस्तू आठवत होते की काय, कोण जाणे. शेवटी उठले, बाजूला झाले आणि गिरीशला म्हणाले, "घे."

*

जूनमध्ये थीसिस टेबलावर पोचला. तोंडी परीक्षेला बेंगळूरहून परीक्षक आले. कॉलेजातला हॉल, कुणीही येऊन ऐकावं अशी पद्धत. मालूअक्कांचा धीर होईना म्हणून त्यांनी मला पाठवलं. आणि माझ्या आधीच, इस्त्रीचा शर्ट घालून, शेवटच्या बाकावर इनामदार अण्णा! "माझ्याकडनं गेलेला माल आहे," म्हणाले. "नीट पोचतो का बघायला पाहिजे."

परीक्षक पानं उलटत होते. "नियम केला, फसला. पॉइंट दिले, फसले. स्टार फसले. शिक्षा फसली." त्यांनी चष्म्यावरनं बघितलं. "दोन वर्षं तुम्ही हेच केलंत?"

"हो सर," गिरीश म्हणाला. गाइड खाली बघत होते. माझी बोटं आपोआप पदराला पीळ घालायला लागली.

"आणि ही शेवटची स्लाइड काय आहे?"

स्लाइडवर ती रेघ होती. दोन वर्षं तळाला लोळत पडलेली, आणि शेवटी मे महिन्यात एकदम उभी! ताडासारखी! गिरीशची डिस्क गेल्यावर गल्लीला काही मिळायचं तर ते एकाच जागी होतं, अण्णांच्या ‘लागेल’मध्ये. आणि अण्णांनी वायर उपसायची सोडली होती. उलट कुंपणापाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "काही पाहिजे का?"

"हे नाटक तर नाही ना? पॉइंटांच्या वेळेसारखं?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही सर. एकाच मेंबरनं दिलंय. सगळ्या गल्लीला."

"कुठल्या योजनेमुळं?"

गिरीश पानं चाळायला लागला. योजना असती तर सांगितली असती ना!

"कमाल आहे! तुमच्या नेटवर्कमधला सगळ्यात स्वार्थी मेंबर एकाएकी सगळं वाटायला लागतो, आणि तुम्हाला कारण माहीत नाही?"

मागचा बाक करकरला. अण्णा उभे राहिले होते. कन्नडमध्ये, गोदामात साहेबासमोर बोलावं तसं ताठ होऊन म्हणाले, "साहेब, वाटलं कुठं? येऊन मोजून बघा. स्टॉक होता तेवढाच आहे!"

परीक्षकांनी अण्णांकडं बघितलं, रेघेकडं बघितलं. मग त्यांनी पेन उघडलं आणि सही केली. गिरीशनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. मला समोरचं काही दिसेना, डोळ्यांत पाणीच पाणी.

निघताना परीक्षक म्हणाले, "गिरीश, याची एक सॉफ्ट कॉपी मला देऊन ठेवा. वर्गात शिकवायला लागेल."

गिरीशनं खिशातली सीडी काढायला हात घातला, तोवर अण्णा शेवटच्या बाकावरनं धावत पुढं आले आणि त्याचं मनगट धरलं.

"तू नको देऊ! मी देतो. तुझे पॉइंट भरपूर आहेत!"